पाचावर दोनशे दहा शून्यं

रिगिंग शिकायला लागले तेव्हा पहिलं काम वाट्याला आलं ते छत्रीचं. माणूस नाही, वाघ नाही, साधी काळी छत्री. आठ काड्यांची, वाकड्या मुठीची, गावाकडची म्हातारी माणसं मागे कॉलरला अडकवून निघतात तसली. तिचा आकार दुसऱ्या कुणीतरी संगणकावर हुबेहूब घडवून ठेवला होता, पण ती उघडत नव्हती की मिटत नव्हती. दगडात कोरल्यासारखी नुसती उभी. तिच्यात सांधे घालायचे, कुठला भाग कुठल्या भागाबरोबर हलेल ते ठरवायचं आणि ॲनिमेशन करणाऱ्याच्या हातात तिची उघडमिट करायची कळ द्यायची, एवढंच माझं काम. याच कामाला रिगिंग म्हणतात. शब्द शिडाच्या जहाजांवरून आला. डोलकाठ्या, शिडं आणि ती ताणणारे-सोडणारे दोर, या सगळ्या बांधणीचं ते नाव.

घरची छत्री पुढ्यात घेऊन मी मोजायला बसले. प्रत्येक काडीचे दोन भाग, तिला खालून रेटणारी एक छोटी काडी. आठ त्रिक चोवीस. चोवीस तुकड्यांना मी चोवीस कळा बसवल्या आणि मोठ्या अभिमानानं शिक्षकांना दाखवल्या. त्यांनी एक शब्द न बोलता कपाटावरची छत्री काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "उघड." मी उघडली. "किती ठिकाणी हात लावलास?"

एकाच ठिकाणी. दांडीवरून वर सरकणाऱ्या नळीला.

त्या रात्री मी हिशेब केला आणि मग झोप लागेना. माझ्या रिगमधला प्रत्येक तुकडा फक्त दहा वेगवेगळ्या कोनांत थांबू शकतो असं धरलं, तरी चोवीस तुकड्यांच्या मिळून अवस्था होतात दहाचा चोविसावा घात. एकावर चोवीस शून्यं. आपल्या जुन्या मोजणीत एकं-दहंपासून चढत गेलं की शेवटी परार्ध येतो, एकावर सतरा शून्यं. म्हणजे मी बनवलेली छत्री एक कोटी परार्ध तऱ्हांनी उभी राहू शकत होती. त्यांतल्या खऱ्या छत्रीच्या तऱ्हा किती? नळीच्या दहा उंचीच्या दहा. बाकी सगळ्या मोडक्या, पिरगळलेल्या, अशक्य. छत्री बनवणाऱ्या कारागिरानं एक नळी आणि आठ आधारकाड्या जोडून ते सगळे कोटी परार्ध रस्ते बंद केले होते आणि दहा उघडे ठेवले होते. मी मात्र सगळे मोकळे सोडून दिले होते.

रिगिंगबद्दल मला जे काही कळलं ते सगळं या छत्रीत आहे. संगणकातल्या बाहुल्याला हालचाल देणं फारसं अवघड नाही. त्याच्या जवळजवळ सगळ्या हालचाली काढून घेणं अवघड आहे. आणि काढून घ्यायच्या हालचालींचे आकडे कुठवर जातात ते पाहिलं की डोळे फिरतात.

१९९५ साली 'टॉय स्टोरी' आला, संपूर्णपणे संगणकावर घडवलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यातला वुडी हा कापडी अंगाचा काउबॉय बाहुला. हा चित्रपट घडवणाऱ्या पिक्सार स्टुडिओतल्या लोकांनी त्याच्या अंगात सातशेहून अधिक कळा बसवल्या होत्या, त्यांतल्या २१२ एकट्या चेहऱ्यात. धंद्यात कळेला कंट्रोल म्हणतात, पिक्सारमध्ये ॲव्हार म्हणत. मला कळ हाच शब्द जवळचा वाटतो, कारण कळसूत्री बाहुली त्यात आपोआप येते. पिक्सारनंही त्या काळातल्या आपल्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरला पुढे मॅरियोनेट असं नाव दिलं, म्हणजे कळसूत्री बाहुलीच.

आता हिशेबाला गोल सातशे कळा धरू. खरी कळ हार्मोनियमच्या भात्यासारखी हवी तेवढी, हवी तिथं थांबते. पण आपण कंजूषपणा करू आणि तिला दिव्याच्या बटणासारखं मानू, चालू किंवा बंद. दहा बटणांच्या अवस्था १,०२४. वीस बटणांच्या १०,४८,५७६. तीस बटणांच्या १०७ कोटींवर. बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे दुप्पट दुप्पट करत नेण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते, तसाच हा प्रकार. फक्त पटाला चौसष्ट घरं, इथं सातशे. दोनशे सहासष्टाव्या बटणाला पोचेपर्यंत अवस्थांची संख्या दृश्य विश्वातल्या अणूंच्या अंदाजे संख्येला, म्हणजे एकावर ऐंशी शून्यांना गाठते. त्यानंतर अजून ४३४ बटणं बाकी असतात आणि प्रत्येक बटण आधीच्या सगळ्याची दुप्पट करत जातं. शेवटी येणारी संख्या २११ अंकी आहे. साधारण पाचावर दोनशे दहा शून्यं. परार्ध बारा वेळा मांडून त्या बारांचा गुणाकार केला आणि आलेल्या उत्तराची वर सुमारे बावन्न लाख पट केली की तिथं पोचतो.

आणि 'टॉय स्टोरी'त एकूण फ्रेम किती? १,१४,२४०. सेकंदाला २४ च्या हिशेबानं ७९ मिनिटं. वुडी प्रत्येक फ्रेममध्ये आहे आणि एकही मुद्रा दुसऱ्यांदा आलेली नाही असं मानलं, तरी २११ अंकी भांडारातून वापरल्या गेल्या त्या फक्त सहा अंकी मुद्रा. उरलेल्यांत काय आहे? गुडघे मागे वळलेला वुडी. जबडा छातीपर्यंत लोंबलेला वुडी. एक डोळा हसतोय आणि दुसरा कवटीत शिरलाय असा वुडी. ॲनिमेशन करणारा माणूस या अफाट अंधारात चाचपडत नाही, सरळ चालत जातो आणि हवी ती मुद्रा उचलून आणतो. तो रस्ता त्याच्यासाठी रिग करणाऱ्यानं बांधलेला असतो. पडद्यावर त्या रस्त्याचा मागमूस राहत नाही, आणि नाव येतं तेव्हा प्रेक्षक उठून बाहेर पडत असतात.

या सगळ्याची सुरुवात एका हातापासून झाली. १९७२ साली अमेरिकेत युटा विद्यापीठात एड कॅटमल या विद्यार्थ्यानं स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा केला, त्यावरून हात ओतला आणि त्याच्यावर शाईनं सुमारे साडेतीनशे छोटे त्रिकोण-बहुकोन आखले. एकेका कोपऱ्याची जागा मोजून आकडे संगणकात भरले. फ्रेड पार्क हा त्याचा सोबती चेहऱ्यावर तसलंच काम करत होता. कॅटमलचा तो हात पडद्यावर बोटं मिटतो, उघडतो, बोट रोखून दाखवतो. आज पाहिला तरी माझ्या अंगावर काटा येतो. पुढे हाच कॅटमल पिक्सारच्या संस्थापकांतला एक झाला.

खऱ्या हाताला २७ हाडं असतात. दोन हातांची मिळून ५४, म्हणजे माणसाच्या अंगातल्या २०६ हाडांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त हाडं मनगटापासून पुढे आहेत. रिगमध्येही तसंच होतं. बोटांना जितके सांधे लागतात तितके पाठीच्या कण्यालाही लागत नाहीत. पण हाडं हा सोपा भाग. खरा घोळ कातडीचा.

संगणकातली कातडी म्हणजे बिंदूंचं जाळं. हाड हललं की कुठले बिंदू त्याच्याबरोबर जायचे? कोपराच्या वरचे दंडाबरोबर, खालचे हाताबरोबर, हे कळतं. पण नेमक्या कोपरावरच्या बिंदूनं कुणाचं ऐकायचं? त्यानं दोघांचं थोडं थोडं ऐकायचं. दंडाचं साठ टक्के, हाताचं चाळीस टक्के, अशी प्रत्येक बिंदूच्या निष्ठेची वाटणी करावी लागते आणि तिची बेरीज बरोबर शंभर यावी लागते. या वाटणीला वेट म्हणतात, आणि ती ब्रशनं रंगवल्यासारखी अंगावर पसरतात म्हणून कामाला वेट पेंटिंग. रिगरच्या आयुष्यातले सगळ्यात लांब तास यात जातात.

किती वाटण्या? एक उघडं, मोजता येण्याजोगं उदाहरण घेऊ. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ साली मानवी शरीराचं एसएमपीएल नावाचं एक नमुनेदार रूप प्रसिद्ध केलं. कपडे नाहीत, केस नाहीत, चेहऱ्याचे हावभाव नाहीत, बोटंसुद्धा सुटी हलत नाहीत. चित्रपटाच्या मानानं अगदी हलकं अंग. त्यात बिंदू ६,८९० आणि मूळ धरून सांधे २४. प्रत्येक बिंदूचं प्रत्येक सांध्याशी नातं लिहायचं तर १,६५,३६० आकडे. यांतले बहुतेक शून्य असतात, कारण टाचेवरच्या बिंदूला मानेशी काही देणंघेणं नाही. एका बिंदूनं जास्तीत जास्त चार सांध्यांचं ऐकायचं असं ठरवलं, तरी २७,५६० वाटण्या उरतात.

एवढं करून भागत नाही. ओला पंचा दोन्ही हातांनी पिळताना मध्यभागी काय होतं ते आठवा. वेट वाटून दिलेली कातडी पिळली की तिचं तसंच होतं. गणितही सोपं आहे. मनगट नव्वद अंशांत फिरवलं, तर मधल्या बिंदूला एक हाड म्हणतं इथं ये, दुसरं म्हणतं तिथं ये, आणि तो बिचारा सरळ रेषेत मधोमध जाऊन बसतो. वर्तुळावरच्या दोन जागांचा मध्य वर्तुळाच्या आत पडतो. त्यामुळे हाताची जाडी तिथं मूळच्या ७१ टक्के उरते. १२० अंशांत फिरवलं की निम्मी. पूर्ण १८० अंशांत फिरवलं की शून्य, दोन्ही टोकांनी पिळलेल्या गोळीच्या कागदासारखी. हात तिथं नाहीसाच होतो.

आपल्या खऱ्या हातात हे होत नाही, कारण कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं आहेत आणि तळवा उपडा करताना एक हाड दुसऱ्यावरून तिरकं जातं. तुमचा डावा हात उजव्या हातानं मधोमध हलकेच धरा आणि तळवा उलटसुलट करा, हे सरकणं बोटांना जाणवेल. रिगर तेच चोरून आणतो. हाताच्या लांबीत तो जादा सांधे घालतो आणि पीळ वाटून देतो. १८० अंशांचा पीळ चार ठिकाणी ४५-४५ अंश असा वाटला, तर प्रत्येक ठिकाणी जाडी ९२ टक्के राहते. पडद्यावर तुम्हाला फक्त एक माणूस दार उघडताना दिसतो.

यापुढे खांदा, कंबर आणि गुडघ्यामागची घडी येते. तिथं वाटणी कितीही नीट केली तरी कातडी चुकीच्या जागी बसते, म्हणून दुरुस्त्या वरून चढवाव्या लागतात: अमुक सांधा अमुक कोनात गेला की हे हे बिंदू इतके इतके सरकवा. त्या ट्युबिंगेनच्या साध्या अंगात अशा २०७ दुरुस्त्या आहेत आणि प्रत्येक दुरुस्ती ६,८९० बिंदूंना तिन्ही दिशांत थोडं थोडं ढकलते. गुणाकार करा: ४२,७८,६९०. बेचाळीस लाख अठ्ठ्याहत्तर हजार सहाशे नव्वद आकडे, फक्त एक उघडं अंग हललं तर खरं वाटावं म्हणून. तिथल्या लोकांनी हे हातानं केलं नाही. चाळीस स्त्री-पुरुषांच्या वेगवेगळ्या अवस्थांतल्या १,७८६ त्रिमित नोंदींवरून संगणकाला शिकवलं. चित्रपटातल्या ड्रॅगनला उभं करून स्कॅन करता येत नाही, तिथं कलाकारानंच बसून घडवायचं.

चेहऱ्याचं तर विचारूच नका. फोनवर चेहरा ओळखून बाहुल्याला हसवण्या-रडवण्यासाठी ॲपलनं जो संच ठरवला, त्यात ५२ हालचाली आहेत. डावी पापणी मिटणं, उजवी मिटणं, जबडा उघडणं, गाल फुगवणं, ओठाचा डावा कोपरा वर जाणं, जीभ बाहेर काढणं, अशा. चित्रपटाच्या मानानं हे बाळबोध. तरी त्यांना नुसतं चालू-बंद मानलं तर चेहरे होतात ४,५०,३५,९९,६२,७३,७०,४९६ हा सोळा अंकी आकडा. सेकंदाला चोवीस चेहरे या वेगानं ते सगळे दाखवायचे ठरवले तर खेळ ५९ लाख ४६ हजार वर्षं चालेल. चिंपांझी आणि माणूस यांचे पूर्वज वेगळे झाले त्या सुमाराला खेळ सुरू केला असता, तर आता कुठे तो संपत आला असता.

सगळे चेहरे कुणी तपासत नाही. पण दोन-दोन हालचालींच्या जोड्या तपासाव्याच लागतात, कारण हसू वेगळं चांगलं दिसतं, जबडा वेगळा चांगला उघडतो, आणि दोन्ही एकदम केलं की गालाला भलताच फुगवटा येतो. ५२ हालचालींच्या जोड्या १,३२६. तीन-तीनांचे गट २२,१००. एका गटाला एक मिनिट दिलं आणि रोज आठ तास काम केलं, तर नुसते तीन-तीनांचे गट पाहायला सेहेचाळीस दिवस. वुडीच्या चेहऱ्यातल्या २१२ कळांच्या तीन-तीनांच्या गटांची संख्या १५,६५,६२० आहे. म्हणूनच अनुभवी रिगर सगळे गट बघत नाही. माणूस शिंकताना, घास गिळताना, खोटं हसताना, रडू दाबताना कुठल्या हालचाली एकदम येतात ते त्याला ठाऊक असतं, आणि तेवढेच गट तो जीव ओतून दुरुस्त करतो. या धंद्यातली माणसं लोकलमध्ये समोरच्याच्या तोंडाकडे एकटक पाहत बसतात ती उगाच नाही.

केसांचे आकडे सगळ्यांत प्रसिद्ध आहेत. २००१ च्या 'मॉन्स्टर्स, इन्क.'मधल्या सली या निळ्या-जांभळ्या राक्षसाच्या अंगावर २३,२०,४१३ केस होते. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे सेकंदाला ५ कोटी ५६ लाख ८९ हजार ९१२ वेळा कुठल्या ना कुठल्या केसाची जागा ठरवायची. सली असलेली एक फ्रेम तयार व्हायला संगणकाला अकरा-बारा तास लागत. म्हणजे एकाच संगणकावर एका सेकंदाच्या चित्राला बारा दिवस. २०१२ च्या 'ब्रेव्ह'मधल्या मेरिडाचे केस मोजले तर कमी, एक लाख बारा हजारांच्या आतच, पण ते कुरळे. त्यांना दीड हजार बटांत बांधलं होतं आणि प्रत्येक बट स्प्रिंगसारखी ताणून परत वळायला हवी होती, म्हणून त्यांच्यासाठी नवी प्रणालीच लिहावी लागली. 'झूटोपिया'तल्या जिराफाच्या अंगावर नव्वद लाखांच्या घरात केस. 'लाइफ ऑफ पाय'मधल्या रिचर्ड पार्कर या वाघाला सुमारे एक कोटी. तो वाघ ज्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीनं घडवला तिचं एक केंद्र मुंबईत होतं आणि एक हैदराबादेत. २०१३ च्या फेब्रुवारीत कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात तिच्या त्या कामाला ऑस्कर मिळालं. मला हे आठवलं की आजही घशात काहीतरी अडकतं.

कोटीभर केस कुणी हातानं हलवत नाही. रिगर आणि केसांचे तज्ज्ञ मिळून थोडे म्होरके केस निवडतात. वारा, वजन, धक्का यांचं गणित त्या म्होरक्यांवरच चालतं आणि बाकीचे शेजारच्या म्होरक्यांकडे पाहून मधली जागा धरतात, वारीत दिंडीमागून दिंडी वळावी तसे. पुन्हा छत्रीचीच युक्ती.

वस्तूंचंही असंच. 'अप'मधलं म्हाताऱ्याचं घर फुग्यांच्या जोरावर उडतं. घर आकाशात तरंगताना फुगे दहा हजारांवर आहेत, उचललं जातं त्या प्रसंगात २०,६२२. प्रत्येक फुग्याला दोरी, प्रत्येक फुगा शेजारच्याला घासणार, ढकलणार. खरं घर उचलायचं तर दोन-तीन कोटी फुगे लागतील असा अंदाज पिक्सारच्याच लोकांनी काढला होता. तेवढे काढले असते तर प्रत्येक फुगा ठिपक्याएवढा दिसला असता, म्हणून संख्या डोळ्याला पटेल अशी ठेवली. मला हा निर्णय फार आवडतो.

पण मोजदादीत सगळ्यांत लहान आणि त्रासात सगळ्यांत मोठा आकडा मला माहीत आहे तो सात. 'फाइंडिंग डोरी'तल्या हँक या ऑक्टोपसला सात पाय आहेत. आठच असायला हवेत, पण घडवायला बसल्यावर लक्षात आलं की त्याच्या अंगाला आठ पाय नीट बसतच नाहीत. मग कथेतच सांगून टाकलं की याचा एक पाय तुटलेला आहे. बांधणीच्या अडचणीतून एका पात्राला भूतकाळ मिळाला. हँकचा पहिला प्रसंग पूर्ण व्हायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं का, ते समजून घ्यायला कळांचं गणित उपयोगी पडतं. माणसाच्या कोपराला हाड आहे, म्हणून तो एकाच दिशेत वाकतो. निसर्गानंच बाकीचे रस्ते बंद करून दिलेले असतात आणि रिगरला ते फक्त उतरवून घ्यायचे असतात. ऑक्टोपसला हाड नाही. त्याचा पाय कुठेही वाकतो, कुठल्याही दिशेला, लांबतो, आखडतो, पिळतो, स्वतःभोवती गुंडाळतो. त्यात शेकडो चूषकं, जी काचेला चिकटली की पसरली पाहिजेत आणि सुटताना एकेक करून सुटली पाहिजेत. एका पायाची दहाच ठिकाणं धरली आणि प्रत्येक ठिकाण दहाच तऱ्हांनी वाकतं म्हटलं, तर एका पायाच्या अवस्था हजार कोटी. सात पायांच्या मिळून एकावर सत्तर शून्यं. इथं निसर्गानं एकही दार बंद केलेलं नाही. सगळी दारं माणसानं बसून, पाहून, खऱ्या ऑक्टोपसांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा लावून बंद करायची.

हातांची आणि वस्तूंची ही मोजदाद आपल्याकडे एकानं आठशे-नऊशे वर्षांपूर्वी मांडून ठेवली आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, ११५० च्या सुमारास, शेवटाकडे एक उदाहरण येतं. शंभूच्या दहा हातांत दहा वस्तू आहेत: पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, शूल, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य. त्या हातांतल्या हातांत बदलत गेलं तर मूर्तीचे भेद किती? आणि हरीच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख असे बदलले तर किती? उत्तरं ३६,२८,८०० आणि २४. मी ते उदाहरण वाचलं तेव्हा मला वाटलं, हा तर रिगिंगचा प्रश्न आहे.

खरोखर रिग करायला घेतलं तर शंभूला काय लागेल? नुसत्या हातांची हाडं २७ दाही २७०. दहा हात एका छातीला जोडणारे खांदे, म्हणजे कातडीच्या वाटणीचा कहरच. आणि दहा वस्तू. प्रत्येक वस्तू दहांपैकी कुठल्याही हातात जाऊ शकते किंवा खाली जमिनीवर ठेवलेली असू शकते, म्हणजे एका वस्तूला अकरा मालक. एकूण ११० जोडण्या. आणि त्या जोडण्यांच्या अवस्था अकराचा दहावा घात, म्हणजे २५ अब्ज ९३ कोटी ७४ लाख २४ हजार ६०१. यांत एकाच हातात शूल आणि धनुष्य दोन्ही घुसलेले आहेत, सगळी आयुधं भुईवर पडलेली आहेत, असे सगळे प्रकार आले. भास्कराचार्यांना मान्य असलेल्या, एका हातात एकच वस्तू आणि एकही हात रिकामा नाही अशा अवस्था यांत सुमारे सात हजारांत एक.

शिवाय वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मोठी फजिती होते. एकेचाळिसाव्या फ्रेमपर्यंत डमरू उजव्या हाताचं आहे, बेचाळिसाव्या फ्रेमपासून डाव्याचं. मालक बदलला की संगणक त्या डमरूची जागा नव्या हाताच्या हिशेबानं मोजतो आणि ते टुणकन भलतीकडे उडतं. ते जिथल्या तिथं राहावं म्हणून त्याच क्षणी जुन्या आणि नव्या हातातलं अंतर काढून वजा करावं लागतं. एक चोविसांश सेकंदाचा हा व्यवहार असतो आणि तो चुकला तर प्रेक्षक दचकतो. माझा पहिल्या वर्षी इतक्या वेळा चुकला की स्वप्नातही वस्तू हातातून उडायच्या.

हरीचं मात्र वेगळं आहे. चार वस्तू, प्रत्येकीला चार हात आणि जमीन असे पाच मालक, अवस्था ६२५, मान्य असलेल्या २४. आणि त्या चोवीसही मान्य, कारण मूर्तिशास्त्रात प्रत्येकीला स्वतःचं नाव आहे. संध्येत म्हणतात ती चोवीस नावं हीच: शंख, चक्र, गदा आणि पद्म कुठल्या हातात कुठलं, यावरून मूर्ती केशव की नारायण, माधव की गोविंद, ते ओळखायचं. शक्यता मोजल्या, त्यांतल्या खऱ्या निवडल्या, आणि निवडलेल्या प्रत्येक अवस्थेवर नावाची चिठ्ठी लावली. स्टुडिओत अनुभवी रिगर हेच करतो.

मागच्या पावसाळ्यात मी घरच्या संगणकावर तशी एक मूर्ती बांधली. चार हात, चार वस्तू, वीस जोडण्या, सगळ्या आत लपवलेल्या. बाहेर एकच कळ ठेवली, चोवीस खुणांची. पहिल्या खुणेवर केशव, शेवटच्या खुणेवर कृष्ण.